सव्वा अकराचा बाण

आज पुन्हा सव्वा अकराला माऊस मेला.
पडद्यावरचा बाण 'उकर्डा'च्या 'क'वर
येऊन खिळला,
आणि समोरच्या खुर्चीतले उरकुडाजी मारबते
माझ्या तोंडाकडे पाहत राहिले.

त्यांचं काम एवढंच होतं:
कार्डावर एक 'र' जागचा हलला आहे
आणि साठ वर्षं तलावात जाळं टाकणारा माणूस
सरकारदरबारी उकिरडा झाला आहे.

गेले आठ दिवस करते तेच सगळं केलं.
वायर उपटली, फुंकली, दुसऱ्या खाचेत घातली,
मग तिसऱ्या.
उलटा करून पोटाखालचा लाल दिवा पाहिला.
जळत होता. जिवंत, पण आंधळा.
कापसानं भिंग पुसलं,
शेजारच्या राइस मिलचा कोंडा निघाला, तोही चिमूटभर नाही.
लॅपटॉप बंद केला, चालू केला.
बोटानं सरकवायची पाटी मागच्या उन्हाळ्यातच गेली,
कूलरचं पाणी प्यायली ती.
टॅबच्या बटणानं उड्या मारत निघाले,
तर पान जिल्ह्यांच्या यादीत अडकलं, गडचिरोलीवर.

मदतीचा नंबर लावला. एक दाबा. दोन दाबा.
नागपूरचा मुलगा म्हणाला,
मॅडम, ड्रायव्हर काढून पुन्हा टाका.
बाकावरून भागरताबाई म्हणाल्या,
"ड्रायवर? थो तं सकाळीच गाडी घेऊन लाखांदूरले गेला."
मी हसले नाही.
तो काढायलाही माऊसच लागतो.

साकोलीचा निखाडे काल संध्याकाळी येऊन गेला होता.
तेव्हा बाण असा पळाला, जसं काही झालंच नाही.
दुखणं डॉक्टरसमोर गायब झालेल्या बाईकडे पाहतात
तसं त्यानं माझ्याकडे पाहिलं,
आणि येण्याजाण्याचे दोनशे घेतले.

"थांबते कवा?" उरकुडाजींनी विचारलं.
सव्वा अकराला.
"आन चालते कवा?"
हे मला कोणी विचारलं नव्हतं.
पावणेबारा, मी म्हटलं. रोज. लाइन असो नसो.
"मंग थो बिघडला नाई, बाई.
बिघडलेलं घड्याळ पाहून नाई बिघडत."

मासा पाण्यात शोधत नाहीत,
पाण्यावरच्या उजेडात शोधतात,
असं काही ते बोलले नाहीत. हे माझं, आत्ताचं.
ते फक्त मान वर करून टिनाकडे पाहत राहिले.

मागच्या मंगळवारी वानरांची टोळी
छपरावरून धडाधड गेली होती.
एक स्क्रू उपसला असेल.
तेवढ्याशा भोकातून उन्हाचा एक रुपया
टेबलाच्या काचेवर पडला होता,
माऊसच्या बरोबर कुशीत.
मी आठ दिवस पडद्याकडे पाहत होते.

त्यांनी हात पुढे केला,
उन्हाखाली तळहात धरला.
रुपया त्यांच्या हातावर आला.
काचेवर सावली, आणि सावलीत
बाण थरथरला, सरकला.
भागरताबाई म्हणाल्या, "अगा बाप्पा."

"कर आता," ते म्हणाले.
मी अक्षरं पुसली. उ. र.
हाताला चटका बसत असणार, मेचं ऊन ते.
कु. डा.
पावती निघेपर्यंत त्यांनी हात हलवला नाही.

निखाडेला फोन केला तर म्हणाला,
ऊन? बिलावर ऊन लिहू का मी?
भोक अजून तसंच आहे.
दुकानात एम-सील नाही आणि छपरावर चढायला कोणी नाही,
म्हणून मी टेबल वीतभर सरकवलं,
ऊनही सरकतंय, पाहू कोण आधी थकतं.

उरकुडाजींनी पावती उलटसुलट केली.
वाचता येत नाही त्यांना.
"झालो का मी?" त्यांनी विचारलं.

पंधरा दिवसांत व्हाल, मी म्हटलं.